पिल्लू अंड्यात अडकलं तर हात कधी लावायचा?



दिवाळी ते होळी या दिवसांत आपल्या गटांतल्या बऱ्याच ताई खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवतात. एकविसावा दिवस जवळ आला की फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच असतो, “ताई, कालपासून टोचून रायलं, बाहीरच येत नाही. फोडून देऊ का?” मागून सासूबाईंचा आवाज येतो, “हात नोको लावू वं, आपोआप निंगते.” आणि घरातला मुलगा मोबाईलवर व्हिडिओ दाखवत असतो, त्यात कुणीतरी चिमट्यानं कवच सोलून पिल्लू बाहेर काढतंय.

मग ऐकायचं कुणाचं? सासूबाईंचं की व्हिडिओचं? दोघांचंही ऐकायचं, पण वेळ पाहून. पहिले चोवीस तास सासूबाईंचे. त्यानंतर अंड्याकडे नीट पाहायचं आणि मग ठरवायचं. कसं ठरवायचं ते या लेखात सांगते.

हा प्रश्न छोटा नाही. कोंबडी अंड्यांवर बसली की तिचं अंडी देणं बंद होतं. एकवीस दिवस ती बसते, पुढे पिल्लांना घेऊन फिरते. तेवढे दिवस त्या कोंबडीचा पैसा येत नाही आणि गटाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून एकेक पिल्लू मोलाचं वाटतं आणि हात शिवशिवतो. पण घाईत फोडलेल्या अंड्यातलं पिल्लू रक्त जाऊन मरतं. तेच पिल्लू कदाचित आणखी पाच-सहा तासांनी स्वतःहून निघालं असतं. आपण म्हणतो, “अशक्तच होतं बिचारं.” त्यामुळे नेमकं काय चुकलं ते आपल्याला कळतही नाही.

आत काय चालू असतं?

बाळंतपण आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून त्याच भाषेत सांगते. पोटातल्या बाळाला वार असते, तसं अंड्यातल्या पिल्लाला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला लागून रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कवचाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवा येते आणि हे जाळं ती पिल्लाला पोचवतं.

अंड्याच्या जाड टोकाला हवेची एक छोटी पोकळी असते. उकडलेलं अंडं सोलताना तिथे खळगा दिसतो, तीच ती. एकोणीस-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा चोचीनं फाडून त्या पोकळीत तोंड काढतं आणि पहिला श्वास घेतं. तेव्हापासून अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते. पोकळीतली हवा थोडीच असते, म्हणून नंतर ते बाहेरच्या कवचाला भोक पाडतं. चोचीच्या टोकावर त्यासाठी एक कडक टोकदार दाणा असतो. तो काही दिवसांनी आपोआप गळून पडतो.

हे पहिलं भोक पडलं की आपल्याला वाटतं, आता पिल्लू बाहेर येणार. पण खरं काम तेव्हा आत चालू असतं. जाळ्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जातं. उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. हा बलक म्हणजे त्याची शिदोरी. तिच्यावर ते निघाल्यानंतर दोन दिवस दाणा-पाण्याशिवाय राहू शकतं. हे सगळं होईपर्यंत पिल्लू बहुतेक वेळ गप्प पडून असतं. मधूनच चिवचिवतं, थोडं हलतं, पुन्हा झोपतं.

रक्त आणि बलक आत गेले की ते अंड्यात गोल फिरत कवच कापत जातं आणि पायांनी जोर देऊन टोपी उघडावी तसं जाड टोक उघडतं. हे शेवटचं काम अर्ध्या तासात होतं, कधी दोन-तीन तासही लागतात. पण पहिल्या भोकापासून तिथपर्यंत यायला साधारण १२ ते २४ तास जातात. म्हणजे भोक पाडून गप्प बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा अडकलेलं नसतं. ते थांबलेलं असतं.

चोवीस तास कुठून मोजायचे?

पहिलं भोक दिसलं ती वेळ लिहून ठेवा. भिंतीवर कोळशानं लिहिली तरी चालेल. “काल केव्हातरी” या हिशोबानं पुढचं काही ठरवता येत नाही. रात्री उठून पाहिलं, पुन्हा झोप लागली, सकाळी वाटतं की दोन दिवस झाले. खरं तर नऊच तास झालेले असतात.

दिवस मोजायची सोपी रीत अशी : सोमवारी संध्याकाळी कोंबडी बसवली तर तीन आठवड्यांनी येणारा सोमवार म्हणजे एकविसावा दिवस. एक-दोन दिवस मागेपुढे होऊ शकतं. दुसरी कोंबडी त्याच टोपल्यात येऊन अंडं घालून गेली असेल, तर ते अंडं उशिराचं आहे, त्यातलं पिल्लू अडकलेलं नाही. म्हणून बसवतानाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं खूण करा. बिनखुणेचं नवीन अंडं दिसलं तर त्याच दिवशी काढून घ्या.

थांबायचं कधी?

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर हात लावू नका :

- पहिल्या भोकाला २४ तास झालेले नाहीत आणि पिल्लू अधूनमधून आवाज देतंय.
- भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा, ओलसर आहे आणि त्यात लाल रेषा दिसतात. त्या लाल रेषा म्हणजे चालू रक्तवाहिन्या. वार जिवंत आहे असं समजा.
- पिल्लू चोच उघडतंय, मिटतंय, काही चघळल्यासारखं करतंय. ते अजून तयार नाही असं धरा.
- भोक मोठं होतंय, कवचावर चीर पुढे सरकतेय. हळू का होईना, काम चालू आहे.

मदत करायची कधी?

- २४ तास उलटून गेले, भोक तेवढंच आहे, आणि आवाज आधीपेक्षा क्षीण होत चाललाय.
- पिल्लानं अर्धं कवच कापलं आणि मग पाच-सहा तास काहीच झालं नाही. पापुद्रा सुकून पिवळट-तपकिरी, कागदासारखा झालाय आणि पिसांना चिकटलाय. आता त्याला फिरताच येत नाही. हे खरं अडकणं.
- भोक निमुळत्या टोकाला पडलंय. पिल्लू आत उलटं आहे, हवेच्या पोकळीपासून लांब आहे. अशी काही पिल्लंही स्वतः निघतात, पण त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. भोक वरच्या बाजूला राहील असं अंडं ठेवा, म्हणजे नाक दबणार नाही.
- अंड्याला मुंग्या लागल्या. इथे चोवीस तासांचा नियम नाही. लगेच अंडं उचला, कोरड्या कापसानं मुंग्या काढा आणि अंडं दुसऱ्या उबदार जागी ठेवा. कवच मात्र फोडू नका. टोपलं विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवल्या तर मुंग्या वर चढत नाहीत.

मदत कशी करायची?

मदत म्हणजे पिल्लू सोलून बाहेर काढणं नव्हे. त्याची अडलेली वाट मोकळी करायची, शेवटचा जोर त्यालाच लावू द्यायचा.

१. हात साबणानं धुवा. कोमट पाणी, स्वच्छ कापूस आणि मऊ सुती फडकं जवळ घ्या. खोलीत वारा नको, पंखा बंद करा.

२. कापूस कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि सुकलेला पापुद्रा ओला करा. खोबरेल तेलाचं बोटही चालतं. चोच आणि नाकपुड्यांवर पाणी किंवा तेल जाऊ देऊ नका, पिल्लू गुदमरतं.

३. पुष्कळदा एवढंच पुरतं. अंडं पुन्हा उबेत ठेवा आणि एक-दोन तास वाट पाहा.

४. तरीही हललं नाही तर भोकाच्या कडेपासून नखानं कवचाचे गव्हाएवढे तुकडे काढा. जाड टोकाभोवती गोल जायचं, पिल्लू स्वतः कापतं त्याच वाटेनं. आधी फक्त कवच काढा. खालचा पापुद्रा ओला करून पाहा, लाल रेष नसेल तरच तो हलकेच बाजूला करा.

५. रक्ताचा एक थेंब दिसला तरी थांबा. स्वच्छ कोरडा कापूस मिनिटभर हलकेच धरा, अंडं उबेत ठेवा आणि तीन-चार तास विसरून जा. रक्त दिसलं याचा अर्थ आपण लवकर आलो.

६. डोकं आणि मान मोकळी झाली की तुमचं काम संपलं. खालचा अर्धा भाग कवचातच राहू द्या. बेंबी आणि बलक तिकडे असतो. पिल्लू पाय मारून स्वतः निघेल. चोचीला किंवा पंखाला धरून कधीच ओढू नका.

हे करताना अंडं थंड होऊ द्यायचं नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. आणि हे काम घरातल्या एकाच बाईनं करावं. पाच जणांनी पाच वेळा उचलून पाहिलं तर अंड्याचा गारठाच होतो.

कोंबडी पिल्लं घेऊन उठून गेली तर?

आपल्याकडे हे फार होतं. आठ-नऊ पिल्लं निघाली की कोंबडी दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन टोपल्याबाहेर पडते. मागे एक-दोन टोचलेली अंडी राहतात आणि थंड होतात. तिथे पिल्लू अशक्त म्हणून मरत नाही, ऊब गेली म्हणून मरतं.

अशी अंडी लगेच दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवा. ती नसेल तर टोपलीत कुटार आणि सुती कापड घालून वर बल्ब लावा. ऊब किती हवी? अंडं आपल्या पापणीला लावून पाहा. कोमट लागलं पाहिजे, चटका नको आणि गारही नको. इजिप्तमध्ये फार जुन्या काळापासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत, तिथले राखणारेही असंच पापणीला लावून ऊब ओळखायचे. बल्बमुळे हवा कोरडी होते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवा.

भोक न पडलेलं अंडं असेल तर कानाला लावा. आतून चिवचिव किंवा टकटक ऐकू आली तर त्यालाही उबेत ठेवा. तेविसाव्या दिवसापर्यंत काहीच नाही, तर ते सोडून द्या.

मशीनवाल्या गटांसाठी

वनराज, गिरिराज अशा सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी उबवायला काही गटांनी छोटं मशीन म्हणजे इन्क्युबेटर घेतलं आहे. पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश ठेवतात. ओलावा पहिले अठरा दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागतो. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं आणि त्यानंतर झाकण उघडायचं नाही.

“एक पिल्लू अडकलंय, पटकन काढते” म्हणून झाकण उघडलं की आतली ओली हवा निघून जाते आणि आपल्या वऱ्हाडाची कोरडी हवा आत शिरते. ज्या अंड्यांना नुकतं भोक पडलंय त्यांचा पापुद्रा सुकतो आणि तीही अडकतात. एकाला काढायच्या नादात पाच अडकवून ठेवतो. म्हणून मशीनमध्ये एका पिल्लासाठी उघडायचं की बाकीच्यांसाठी बंद ठेवायचं, हे आधीच गटात ठरवून ठेवा. माझं मत असं : भोक पडलेली बाकीची अंडी असतील तर थांबा. निघालेली पिल्लं आत एक दिवस राहिली तरी उपाशी मरत नाहीत, शिदोरी पोटात असते. उघडावंच लागलं तर आधी फडकं कोमट पाण्यात भिजवून आत ठेवायला तयार ठेवा आणि एका उघडण्यात सगळी कामं उरका.

लाइट गेली तर घाबरून झाकण उघडू नका. हवेची छिद्रं मोकळी ठेवून वरून गोधडी घाला. शेवटच्या दिवसांत पिल्लांच्या अंगाचीही थोडी ऊब असते.

मदतीनं निघालेलं पिल्लू

त्याला लगेच बाकीच्यांत सोडू नका, ती बेंबीला टोचतात. बेंबी ओली किंवा उघडी असेल तर कापसानं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि स्वच्छ कापडावर उबेत ठेवा. बलक थोडा बाहेर दिसत असेल तर तो दाबू किंवा तोडू नका, ओल्या स्वच्छ कापडावर वाटीत बसवा, काही तासांत आत जातो. पाय फाकत असतील तर खाली वर्तमानपत्र नको, पोत्याचा तुकडा घाला. पिल्लू उभं राहतं तेवढं अंतर ठेवून दोन्ही पायांना मऊ चिंधी बांधली तर दोन-चार दिवसांत पाय सरळ होतात. चिंधी घट्ट झाली का ते रोज पाहा.

मैत्रिणींनो, सगळं नीट करूनही काही पिल्लं जगत नाहीत. काहींची वाढच आत अपुरी झालेली असते. ते मनाला लागतं, पण त्याचा दोष स्वतःवर किंवा सुनेवर घालू नका. १२ अंड्यांतून ८-९ पिल्लं निघाली तर कोंबडीनं चांगलं काम केलं असं समजा. मदतीनं वाचलेल्या पिल्लाच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा. ते अंड्यासाठी, विक्रीसाठी चालेल, पण पुढची पैदास त्याच्यापासून नको.

मुळात अडकतं कशामुळे?

दर वेळी दोन-तीन पिल्लं अडकत असतील तर चूक एकविसाव्या दिवसाची नाही, आधीच्या वीस दिवसांची आहे.

अकोला-अमरावतीत होळीनंतर हवा कोरडी होत जाते, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या हवेत अंड्यातलं पाणी लवकर उडतं आणि पापुद्रा चिवट होतो. म्हणून उन्हाळ्यात कोंबडी बसवावीच लागली तर अंडी कमी ठेवा, टोपल्यात खाली ओलसर वाळूचा थर, त्यावर कुटार घाला. शेवटचे तीन दिवस टोपल्याच्या कडेला कोमट पाणी शिंपडा. पावसाळ्यात उलटं होतं. ओलावा जास्त, अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, पिल्लू फुगलेलं, चिकट राहतं. तेव्हा पाणी शिंपडू नका, जागा कोरडी ठेवा.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच. पाण्यानं धुवू नका. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी अंडी वेगळी काढा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी अंधारात टॉर्चवर पाहून रिकामी अंडी बाजूला करा. कोंबडीजवळ दाणा-पाणी ठेवा, म्हणजे ती फार वेळ उठणार नाही. आणि कोंबडा दरवर्षी बदला. त्याच खुराड्यातला कोंबडा त्याच्याच बहिणींवर, लेकींवर राहिला की अशक्त पिल्लं वाढतात. दोन गावांच्या गटांनी आपसांत कोंबडे बदलून घेतले तर खर्चही येत नाही.

एवढं करूनही पिल्लं अडकतच राहिली तर पशुसखीला विचारा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. जाताना तारखा लिहिलेला कागद सोबत न्या : अंडी कधी घातली, कधी बसवली, पहिलं भोक कधी पडलं, किती निघाली, किती मेली. पुढच्या मासिक बैठकीत या पाच नोंदी प्रत्येकीनं आणाव्यात. दहा जणींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की कुणाकडे ऊब कमी पडते, कुणाकडे ओलावा आणि कुणाचा कोंबडा बदलायला हवा, ते आपल्यालाच दिसेल.

— आपली क्षेत्र समन्वयक